राणीचे पाच केस

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही ती दुसऱ्या कुणाकडून ऐकाल आणि तो तिला मीठमसाला लावेल. खरं म्हणजे या गोष्टीला मीठमसाल्याची गरजच नाही. आणि मघापासून माझ्या ओठावर काय बघताय तेही मला कळतंय. तिकडेच येणार आहे मी, जरा दम धरा.

मी गंगाधर. भैंशाचा. आमचं भैंसा कागदावर आता निर्मल जिल्ह्यात गेलं, पण कुणी विचारलं की आम्ही आदिलाबादच सांगतो. जीभ वळली ती वळली. माझा धंदा गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करण्याचा. वळूच्या वीर्याची थंड टाकी गाडीला बांधायची आणि गावोगाव फिरायचं. हे काम मी एका सरकारी डाक्टरांच्या मागे टाक्या उचलत शिकलो. ते रिटायर झाले, टाकी माझ्याकडे राहिली, आणि हळूहळू लोक मलाच डाक्टर म्हणू लागले. मी डाक्टर नाही हे मला माहीत आहे. पण कुणी प्रेमानं म्हणत असेल तर आपण कशाला तोंड उघडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या बैठकीत देवाच्या फोटोशेजारी एक खिळा आहे. घर बांधलं तेव्हा मीच ठोकला, सर्टिफिकेट लावायला म्हणून. वीस वर्षं झाली, खिळा तसाच. माझी बायको सुमन दर दिवाळीला भिंत पुसताना विचारते, "हा खिळा काढू का?" मी म्हणतो, राहू दे.

आता एक विद्या मात्र माझ्याकडे खरोखर होती बरं का. म्हैस समोरून नुसती चालत गेली की गाभण आहे की नाही आणि कितवा महिना, हे मी सांगायचो. दहात नऊ वेळा बरोबर. दहावी वेळ कुणी लक्षात ठेवत नाही. या विद्येचा मला गर्व होता, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर आमच्याकडे वसंतशेठ म्हणून आहेत. कापसाचे जिनिंगवाले. बासरच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे आणि त्या शेतात जगावेगळी जनावरं पाळायचा त्यांना नाद. आधी इमू आणले, ते शेजाऱ्याच्या तुरीत पळाले. मग टर्की कोंबडे आणले, ते चावायला लागले. शेवटी हैदराबादच्या एका दलालानं त्यांना सांगितलं, शेठ, पळणारही नाही आणि चावणारही नाही असं जनावर देतो. आणि दोन स्लॉथ आणून दिले.

स्लॉथ पाहिलाय कधी? कुठल्या तरी परदेशी जंगलातलं जनावर. माकडासारखं झाडाला उलटं लटकतं, पण माकड एका दिवसात जेवढं हलतं तेवढं हे वर्षभरात हलत नाही. तोंडावर कायमचं हसू. अंगावर दाट तपकिरी केस. पुढच्या पायांना दोन-दोन नख्या, आकड्यासारख्या वाकड्या. शेठनी त्यांच्यासाठी खोली बांधली, आत सुकी झाडं रोवली, कूलर लावला. दलाल म्हणाला होता जोडी आहे, म्हणून एकाचं नाव राजा, एकीचं राणी. राणी कोणती? जी जरा जाड ती.

मग जंगल खात्याचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. असली जनावरं घरी ठेवायची तर नोंद करावी लागते. साहेब फॉर्म भरता भरता थांबले.

"इसमें नर कौन, मादा कौन?"

"जोडी आहे साहेब," शेठ म्हणाले. "दलालानं सांगितलं."

"दलाल की बात नहीं चलेगी. तसदीक चाहिए. किसी जानकार से लिखवा के लाओ."

आणि भैंशात जानकार कोण? अर्ध्या तासात शेठची गाडी माझ्या दारात.

मी खोलीत गेलो. दोन्ही जनावरं लटकलेली. आता बैल असो की बोकड, नर ओळखायला फार वेळ लागत नाही. इथे मी वाकून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं, शेवटी चवड्यांवर उभा राहून पाहिलं. काहीच नाही. या जनावराचं सगळं आत दडलेलं असतं, हे मला कुठे ठाऊक? पण मागे शेठ उभे, त्यांची बायको कमलवहिनी उभ्या, नोकरमाणसं उभी. "मला कळत नाही" हे तीन शब्द म्हणायचे होते फक्त. ते काही तोंडातून निघाले नाहीत. तेवढ्यात जाड्या राणीचं पोट दिसलं. चांगलं टम्म, खाली ओघळलेलं. अन् माझी विद्या जागी झाली.

"शेठ," मी म्हणालो, "मादी कोणती काय विचारून राह्यले? ही राणी गाभण आहे."

कमलवहिनींनी हातच जोडले. "खरं सांगता डाक्टर?"

"म्हशीच्या हिशोबानं सातवा लागला."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण त्या एका वाक्यानं काय काय झालं ऐका. शेठनी मला जागच्या जागी त्या सगळ्या जनावरांचा मुख्य डाक्टर करून टाकलं. फाटकावर पाटी लावायचं ठरलं: डॉ. गंगाधर, पशुतज्ज्ञ. पेंटर दुसऱ्या दिवशी नावाचं स्पेलिंग विचारायला घरी आला. सुमननं त्याला पोहे केले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की खिळा ठोकल्याचं सार्थक होणार. ती पाटी मला हवी होती हो. खोटं कशाला बोलू? इतकी हवी होती की तिच्यासाठी मी पुढचं सगळं केलं.

शेठच्या घरात एक माणूस मात्र गप्प होतं. शेठची सून वैदेही. नांदेडची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्र की काहीतरी शिकलेली. लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि कमलवहिनी दिवसातून तीन वेळा ते मोजून दाखवायच्या. त्या दिवशीही म्हणाल्याच, "जनावरालेही कळते बाप्पा, केव्हा काय कराव ते. माणसाले कळत नाई."

वहिनी गेल्यावर वैदेही मला म्हणाली, "काका, स्लॉथचं नर-मादी बघून कळत नाही. प्राणिसंग्रहालयातसुद्धा फसतात लोक. डीएनए तपासावा लागतो. केस पाठवले तरी चालतात."

"केसावरून कळते?"

"केसाच्या मुळाशी पेशी असतात. त्यात वाय गुणसूत्र सापडलं तर नर, नाही सापडलं तर मादी. वाय बापाकडून पोराला जातो, पोरीला नाही. तुमच्यातही आहे."

"माझ्यात काऊन?"

"तुम्ही पुरुष आहात म्हणून, काका."

मी नाकानं कांदे सोलत म्हणालो, पोरी, वीस वर्षांचा अनुभव आहे, बापाच्या वयाच्या माणसाला शिकवू नये. पण जंगल खात्याच्या साहेबांना माझ्या सहीपेक्षा लॅबचा कागद जास्त आवडला. शेठ म्हणाले, "पाठवून टाका डाक्टर. तुमचंच खरं निघणार आहे, भीती कायची?"

वैदेहीनं सगळी तयारी केली. दोन पाकिटं, एकावर राजा, दुसऱ्यावर राणी. हातमोजे, चिमटा, तोंडाला मास्क. प्रत्येकाचे पाच-पाच केस, मुळासकट. ती स्वतःच आत जाणार होती, तेवढ्यात कमलवहिनी दारात आडव्या आल्या.

"तू नको हात लावू. गाभण जनावर आहे. तुझा हात नको लागायला."

तुम्ही समजलात ना, काय म्हणाल्या त्या? मीही समजलो. वैदेहीनं चिमटा माझ्या हातात दिला. तिचा चेहरा मला आठवतो. आणि मी, पशुतज्ज्ञ, तिथे काही बोललो का? नाही. मी हातमोजे घातले.

"हातानं शिवू नका काका," तिनं दाराआडून सांगितलं. "तुमचा एक केस जरी त्यात गेला तरी घोळ होईल."

राजा झोपला होता. त्याचे पाच केस पटापट निघाले, त्यानं कूससुद्धा बदलली नाही. मग स्टुलावर चढून राणीकडे वळलो. चिमटा पुढे केला तर तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. तेच हसू. मग तोंड उघडलं, हळूहळू, गोदामाचं शटर उघडावं तसं, आणि आत दात दिसले. चांगले टोकदार. मग एक हात सोडला आणि तो आकडा माझ्याकडे यायला निघाला.

आता मी माजलेल्या वळूच्या मागे उभा राहिलेला माणूस आहे. लाथा खाल्ल्या आहेत, बरगडी मोडून घेतली आहे. आणि हा हात इतका सावकाश येत होता की मी बाहेर जाऊन पान खाऊन परत येऊ शकलो असतो. पण काय झालं कोण जाणे. ती हसत होती, म्हणून असेल. मी जागचा हललोच नाही, आणि नख्या छातीपाशी आल्यावर अशी उडी मारली की स्टूल एकीकडे, चिमटा एकीकडे, मी भिंतीला चिकटलेला. जगातल्या सगळ्यात संथ जनावरापुढे पळ काढणारा भारतातला पहिला माणूस मीच असणार.

"काका, झालं का?" बाहेरून आवाज.

"होऊन राह्यलं."

पुन्हा दोनदा जवळ गेलो. दोनदा तिनं तोंड उघडलं. बाहेर सून, सासू, शेठ. रिकामं पाकीट घेऊन कसा जाऊ? राणीचा रंग काळपट तपकिरी. आणि देवानं, की न्हाव्यानं म्हणा, माझ्या मिशीलाही तोच रंग दिलेला. त्या आठवड्यात काळी डाय संपली होती म्हणून तपकिरी लावली होती ना! हातमोजा काढला, डाव्या बाजूचे पाच केस धरले आणि ओढले. मुळासकट. अहो, ब्रह्मांड आठवलं.

बाहेर आलो तेव्हा वैदेही म्हणाली, "काका, डोळ्यात पाणी?"

"मुकं जनावर आहे पोरी. दया येते."

तुम्ही आता कपाळाला हात लावाल, की अरे शहाण्या, तुझ्या मिशीचा केस म्हणजे रिपोर्टात नर येणार! बरोबर आहे तुमचं. मलाही हे कळलं. फक्त पाकिटं कुरिअरवाल्यानं नेल्यावर, जेवताना कळलं. घास तोंडात आणि एकदम आठवलं: तुमच्यातही आहे, काका. सुमन म्हणाली, "काय झालं, खडा लागला का?" मी म्हटलं हो.

तिथेच शेठकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण पाटी रंगून तयार झाली होती. पेंटरनं ती वाळायला आमच्याच ओट्यावर ठेवली होती. येणारेजाणारे वाचत होते. मी ठरवलं, रिपोर्ट आला की लॅबच चुकली म्हणायचं. माझ्या शब्दापुढे लॅबचं कोण ऐकतंय?

तिकडे कमलवहिनींच्या डोक्यात वेगळंच शिरलं. राणीचं डोहाळजेवण करायचं. मला विचारलं, "चालते का डाक्टर, जनावराचं?" मी म्हणू शकत होतो की नाही चालत. मी म्हणालो, "चालते वहिनी, गाईचं करतात की." आणि वर मंगळवार सुचवला, कारण मंगळवारी मी मोकळा असतो.

मंगळवारी अर्धं भैंसा शेतावर. मांडव, लाऊडस्पीकर, हिरव्या साड्यांच्या बायका, करंज्या, अनारसे, पाच प्रकारचा भात. राणीचं सुकं झाड तिच्यासकट मांडवात आणून रोवलेलं, त्याला हिरवा खण गुंडाळलेला, फुलांची वाडी घातलेली. खाली पाटावर ओटीचं ताट. वैदेहीला मागे उभं केलेलं, करंज्या वाढायला. मी पुढे, पाटीशेजारी, इस्त्रीच्या सफारीत. पाटी त्याच दिवशी लागणार होती. सुमनही आलेली, नव्या साडीत.

बायकांनी गाणं धरलं आणि राणी हलली. एक हात, मग एक पाय. झाडावरून खाली यायला लागली.

"खाली येऊन राह्यली," कुणीतरी ओरडलं. सगळ्या बायका उभ्या. कमलवहिनींच्या डोळ्यांना पदर. "ओटी घ्यायले येते माझी बाई."

पाव तास लागला तिला. तेवढ्यात गाणी तीन झाली. राणी पाटावर उतरली, ओटीच्या ताटाशेजारी बूड टेकवलं, झाडाला मिठी मारली, डोळे मिटले, आणि आठ दिवसांचं जे काही साठलं होतं ते सावकाश, समाधानानं, नारळ आणि तांदळाशेजारी सोडून दिलं.

गाणं थांबलं. लाऊडस्पीकर चालूच.

राणी परत वर चढायला लागली. पोट सपाट. सातवा महिना पाटावर पडलेला.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं चष्मा सावरला. "डाक्टर, लेकरू कोणतं यातलं?"

मागून वैदेहीचा आवाज आला, अगदी शांत. "हे जनावर आठवड्यातून एकदाच खाली उतरतं, त्याच्यासाठीच. दर मंगळवारी. मी लिहून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी अजूनही हार मानली नव्हती, बघा माझी हिंमत. म्हणालो, "शेठ, पोट साफ झालं, ते वेगळं. गर्भ वरच्या बाजूले राह्यते."

तेव्हा वैदेहीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि मोबाइल काढला. रिपोर्ट सकाळीच आला होता. कमलवहिनींनी कामाच्या घाईत तिला तो वाचू दिला नव्हता.

"पाकीट एक, राजा," तिनं वाचलं. "मादी."

"राजा बाई आहे?" कमलवहिनी पाटावरच बसल्या, आणि लगेच उठल्या.

"पाकीट दोन, राणी. नर."

शेठ हळूच म्हणाले, "डाक्टर, तुमी नर गाभण सांगितला का आमाले?"

हीच ती वेळ, जिची मी तयारी केली होती. पुढे झालो, मिशीवर ताव दिला. "शेठ, लॅब चुकली. मशिनीले काय कळते? हा रिपोर्ट खरा असला तर मी मिशी उतरवीन. या सगळ्यांच्यासमोर सांगून राह्यलो."

"थांबा काका," वैदेही म्हणाली. "खाली शेरा आहे. पाकीट दोनमधले केस स्लॉथचे नाहीत. माणसाचे आहेत. माणूस, नर. आणि केसांना तपकिरी डाय लावलेली आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर मिशी दाखवली होती. शंभर डोकी एकदम माझ्याकडे वळली. डाव्या बाजूला पाच केसांचं खिंडार, नवीन खुंट उगवत असलेलं, पांढरंशुभ्र. सुमननं सगळ्यांत आधी ओळखलं. तिनं पदर तोंडाला लावला. रडतेय असं वाटलं मला. हसत होती.

वैदेही कमलवहिनींसमोर जाऊन उभी राहिली. "आई, आता हात लावू का?"

वहिनींनी मान खाली घातली आणि बाजूला झाल्या. वैदेहीनं एक जास्वंदीचं फूल घेतलं, राणीपुढे धरलं. राणी ते खात बसली, आणि तेवढ्यात या पोरीनं तिचे पाच केस काढून पाकिटात टाकलेसुद्धा. तोंड उघडलं ते राणीनं फूल खायला. तेव्हा मला कळलं, माझ्यापुढेही बिचारी खाऊच मागत होती.

पंधरा दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. राणीही मादीच. म्हणजे दलालानं दोन बायका जोडी म्हणून दिल्या होत्या, आणि त्या सगळ्या तपासणीत नर एकच निघाला होता, तो मी.

पाटी वाया गेली नाही. पेंटरनं माझं नाव पुसून तिथे वैदेहीचं लिहिलं. पोहे या वेळी कमलवहिनींनी केले, आणि पहिली बशी सुनेला दिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लग्नाची वर्षं मोजणं त्यांनी बंद केलं का? दिवसातून एकदावर आलंय.

मिशी मी त्याच संध्याकाळी उतरवली. शब्द म्हणजे शब्द. न्हावी म्हणाला, डाव्या बाजूला कामच नाही.

आणि हे वर बघा. देवाच्या फोटोशेजारी, त्या खिळ्यावर. सुमननं पहिल्या रिपोर्टाची नक्कल काढून, काच लावून आणली. पाकीट दोन: माणूस, नर. खाली लॅबचा शिक्का. मी म्हटलं, काढ ते, चारचौघं येतात घरात. तर म्हणाली, "राहू द्या. मिशी तर गेली. कागद तरी असू द्या पुराव्याले."